स्वस्त छोटा लॅपटॉप : काटकसर नेमकी कोठे झाली?

एकाच कामाच्या दोन वस्तू बाजारात असाव्यात आणि एकीची किंमत दुसरीच्या निम्मी असावी, असे दिसले की चौकस ग्राहक लगेच खूश होत नाही आणि लगेच नाकही मुरडत नाही. तो विचारतो, ‘‘यात कमी काय केले आहे?’’ छत्री स्वस्त असेल तर काड्या पातळ असतात. चप्पल स्वस्त असेल तर तळ लवकर झिजतो. लॅपटॉपचेही असेच आहे. मात्र छत्रीच्या काड्या डोळ्यांना दिसतात, लॅपटॉपमधील काटकसर झाकणाखाली असते. ती ओळखायची तर संगणकाच्या अंगांची थोडी माहिती हवी आणि थोडा हिशेब यायला हवा. हे दोन्ही हायस्कूलच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

हा हिशेब महत्त्वाचा का? पंधरा-वीस हजार रुपये ही बऱ्याच घरांत वर्षभराच्या बचतीची रक्कम असते. ती एकदा खर्च झाली की पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहत नाही. जो लॅपटॉप घरात येईल त्यावरच दहावी, बारावी आणि कदाचित पुढची दोन वर्षे काढायची असतात. म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक काटकसरीला आपण तीन प्रश्न विचारू : काय कमी केले? ते माझ्या कामाला लागते का? आणि लागलेच, तर ते नंतर बसविता येते का?

एकाच वर्षातील दोन यंत्रे

लहान व स्वस्त लॅपटॉपचा इतिहास या प्रश्नांसाठी फार उपयोगी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या नावाने ही योजना ओळखली जाते. तिचे ‘एक्सओ’ नावाचे यंत्र नोव्हेंबर २००७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. शंभर डॉलरची मर्यादा मात्र पाळता आली नाही. किंमत दोनशे डॉलरच्या जवळपास गेली. त्याच वर्षी आपल्याकडेही, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहान शाळेत, या यंत्राचा प्रयोग सुरू झाला.

याच २००७ साली, जून महिन्यात, तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी’ हा छोटा लॅपटॉप तैपेईच्या प्रदर्शनात मांडला. ऑक्टोबरात तो विक्रीस आला. अमेरिकेत त्याच्या चार गिगाबाइट साठवणीच्या नमुन्याची किंमत ३९९ डॉलर होती.

दोन्ही यंत्रे लहान, दोन्ही त्या काळच्या मानाने स्वस्त. पण काटकसर दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी केली. एक्सओचा प्रक्रियक ४३३ मेगाहर्ट्‌झचा, कार्यस्मृती २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी एक गिगाबाइट होती. म्हणजे वेग आणि जागा यांना मोठी कात्री लावली होती. पण पडदा मात्र उत्तम होता. तो उन्हातही वाचता येई, कारण मेरी लू जेप्सन यांनी आखलेल्या त्या पडद्यावर बाहेरचा प्रकाश परावर्तित करून अक्षरे दाखविण्याची सोय होती. कळफलक रबराचा व बंदिस्त होता, त्यामुळे धूळ आणि पाणी आत जात नसे. वर्ग कधी झाडाखालीही भरतो, हे गृहीत धरून केलेली ही निवड होती.

ई पीसीचा प्रक्रियक ९०० मेगाहर्ट्‌झचा, पण तो ६३० मेगाहर्ट्‌झवर चालविला होता. कार्यस्मृती ५१२ मेगाबाइट, साठवण चार गिगाबाइट. वजन सुमारे ९२० ग्रॅम. येथे कात्री लागली ती पडद्याला आणि कळफलकाला. सात इंचांच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना ध्वनिवर्धक बसविले होते आणि कळा इतक्या लहान होत्या की मोठ्या माणसाची बोटे एकमेकांत अडकत. प्रवासात टिपणे घेणाऱ्याला ते चालण्याजोगे होते. रोज दहा पाने टंकलेखन करणाऱ्याला नव्हते.

म्हणजे ‘स्वस्त’ हा एकच गुण नाही. ती अनेक वजाबाक्यांची बेरीज आहे. आता त्या वजाबाक्या एकेक करून पाहू.

पडदा : इंच आणि ठिपके

पडद्याचे माप कर्णावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, इंचांत सांगतात. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. एका इंचात किती ठिपके बसतात हे काढण्यास पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. एक्सओच्या पडद्यावर आडवे १२०० आणि उभे ९०० ठिपके होते. ३ : ४ : ५ हे त्रिकूट आठवा, कर्णावर १५०० ठिपके येतात. पडदा ७.५ इंचांचा, म्हणून इंचाला २०० ठिपके. ई पीसीवर ८०० व ४८० ठिपके, कर्णावर सुमारे ९३३, म्हणून सात इंचांसाठी इंचाला १३३. पहिल्याची अक्षरे अधिक रेखीव का दिसत, हे या दोन आकड्यांत आले.

परंतु रेखीवपणाबरोबर एका वेळी किती मजकूर दिसतो, हेही पाहावे लागते. येथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्यामुळे ओळ रोमन लिपीपेक्षा उंच ठेवावी लागते. समजा, स्वच्छ वाचता येण्यासाठी देवनागरी ओळीला २४ ठिपके उंची हवी. ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर वरखालच्या पट्ट्यांत १२० ठिपके गेले, तर उरलेल्या ३६० मध्ये १५ ओळी बसतात. ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर पट्ट्यांसाठी १६८ सोडले, तर ६०० मध्ये २५ ओळी. पंधरा ओळींत निबंधाचा परिच्छेदही पुरता दिसत नाही. सतत वर-खाली सरकावे लागते.

आजच्या स्वस्त लहान लॅपटॉपचा पडदा बहुधा ११.६ इंचांचा असतो. १४ इंची पडद्याशी तुलना करताना इंचांची वजाबाकी करू नका. आकार सारखा असेल, तर क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ११.६ ला १४ ने भागून वर्ग केला की सुमारे ०.६९ येतात. म्हणजे फरक २.४ इंचांचा दिसला तरी जागा जवळजवळ एकतृतीयांशाने घटते. पडदा बदलता येत नाही. पण घरी मोठा पडदा जोडण्याची खाच यंत्राला आहे की नाही, हे पाहता येते.

प्रक्रियक : वेग, वीज आणि उष्णता

प्रक्रियकाच्या चालू-बंद होणाऱ्या परिपथांत खर्च होणारी शक्ती ही विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्के आणि वारंवारता ६० टक्के केली, तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.६ = ०.३८, म्हणजे मूळच्या दोनपंचमांशाहूनही थोडी कमी होते. वेग ६० टक्के राहिला, पण वीज ३८ टक्केच लागली. लहान लॅपटॉप बराच वेळ चालतो त्याचे हे एक मोठे कारण.

इंटेल कंपनीने २००८ साली आणलेला ‘ॲटम’ प्रक्रियक याच विचाराने बनविला होता. त्याच्या एन-२७० या प्रकाराची उष्णता-मर्यादा २.५ वॉट होती. त्या काळच्या नेहमीच्या लॅपटॉपमधील प्रक्रियकांची मर्यादा साधारण २५ ते ३५ वॉट असे. कमी उष्णता म्हणजे पंखा लहान, किंवा मुळीच नाही. पंखा नसला की आवाज नाही, धूळ ओढली जात नाही आणि एक फिरता भागही कमी होतो. उलट बाजूही लक्षात घ्या. उष्णता बाहेर काढण्याची सोय मर्यादित असल्यामुळे काम जड झाले की यंत्र तापू नये म्हणून प्रक्रियक स्वतःच आपला वेग उतरवितो. लेखन, वाचन आणि साधी गणिते यांना हा वेग पुरतो. चलच्चित्रांची जुळणी करणाऱ्याला तो पुरणार नाही. आणि प्रक्रियक नंतर बदलता येत नाही.

मेज आणि कपाट

संगणकाची कार्यस्मृती, म्हणजे रॅम, ही अभ्यासाच्या मेजासारखी आहे, साठवण कपाटासारखी. मेजावर पसरलेली पुस्तके हात पुढे केला की मिळतात. मेज भरले की काही पुस्तके कपाटात ठेवून दुसरी आणावी लागतात.

या ये-जा करण्याला किती वेळ लागतो? रॅममधील माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येते. फ्लॅश प्रकारच्या साठवणीतून ती आणण्यास सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट वेळ लागतो. फिरत्या चकतीवरून आणण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. आपल्या प्रमाणात बोलायचे तर मेजावरचे पुस्तक एका सेकंदात मिळत असेल, तर फ्लॅशच्या कपाटातले सुमारे १७ मिनिटांनी आणि फिरत्या चकतीवरचे सुमारे २८ तासांनी मिळेल! म्हणून रॅम अपुरी असेल, तर प्रक्रियक चांगला असूनही यंत्र रखडते. ‘‘माझा लॅपटॉप हळू चालतो’’ या तक्रारीचे मूळ अनेकदा लहान मेजात असते.

येथेच तिसरा प्रश्न फार कामाचा ठरतो. पुष्कळ स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवर डाग देऊन पक्की बसविलेली असते. चार गिगाबाइट घेतली की यंत्र असेपर्यंत चारच. काही यंत्रांत मात्र रिकामी खाच असते आणि पुढे थोड्या पैशांत रॅम वाढविता येते. किंमत सारखी असून या दोन यंत्रांचे मोल सारखे नाही.

साठवणीचेही तसेच. स्वस्त यंत्रांत ‘ईएमएमसी’ प्रकारची फ्लॅश साठवण असते. ती बहुधा पाटीवर पक्की असते आणि एका वेळी वाचन किंवा लेखन यांपैकी एकच करू शकते. खोक्यावर ६४ गिगाबाइट लिहिलेले असते, पण पडद्यावर ५९.६ दिसतात. ही फसवणूक नव्हे. एकक वेगळे आहे. कारखानदार १,००,००,००,००० बाइटांना एक गिगाबाइट म्हणतो, तर काही संगणकप्रणाली २ च्या ३० व्या घाताला, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांना. खरी अडचण पुढे आहे. संगणकप्रणाली आणि तिची अद्ययावत रूपे यातील मोठा वाटा घेतात. विंडोज ११ साठी किमान साठवणच ६४ गिगाबाइट लागते. सुदैवाने फोटो आणि धड्यांची चित्रे बाहेरच्या पेनड्राइव्हवर ठेवता येतात. म्हणजे कपाटाची काटकसर काही अंशी भरून काढता येते, मेजाची येत नाही.

बॅटरी आणि वीजबिल

बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. ७.४ व्होल्ट आणि ५.२ ॲम्पिअर-तास असतील, तर सुमारे ३८.५ वॉट-तास झाले. यंत्र सरासरी ११ वॉट घेत असेल, तर ते साडेतीन तास चालेल. तेवढ्याच बॅटरीवर ६ वॉट घेणारे यंत्र सहा तासांहून अधिक टिकेल. म्हणून केवळ बॅटरी मोठी असून भागत नाही. यंत्राची भूक किती, हेही पाहावे.

जेथे संध्याकाळी वीज जाते तेथे हा गुण मोलाचा आहे. वीजबिलातही फरक पडतो. १०० वॉट घेणारा मेजावरचा संगणक रोज चार तास, वर्षातून ३०० दिवस चालविला, तर १२० युनिटे होतात. १० वॉट घेणाऱ्या लहान लॅपटॉपला १२ युनिटे पुरतात. पण लिथियम-आयन बॅटरी कायमची नसते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण भरणांनंतर तिची धारणा मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. उष्णतेत ती आणखी लवकर उतरते. म्हणून बॅटरी बदलून मिळते का, हे आधी विचारावे.

यंत्राचे आयुष्य

यंत्र बिघडले नाही तरी त्याचे आयुष्य संपू शकते. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ३२ गिगाबाइट साठवणीचे कित्येक छोटे लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून पुढे काम घेता येते, पण तेवढी तयारी हवी. क्रोमबुक प्रकारच्या लॅपटॉपना तर अद्ययावत रूपे कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे ठरलेले असते. औषधाच्या बाटलीवरील मुदत आपण पाहतो, तशीच ही तारीख पाहावी. ती नमुना बाजारात आल्यापासून मोजतात. दुकानात पडून राहिलेल्या यंत्राची मुदत त्यामुळे आधीच खर्च झालेली असते.

किंमत भागिले आयुष्य, असा हिशेब मांडा. १६,००० रुपयांचे यंत्र दोन वर्षे चालले, तर वर्षाला ८,००० रुपये पडले. ३०,००० चे पाच वर्षे चालले, तर ६,०००. कागदावर दुसरे स्वस्त आहे. परंतु ज्या घरात आज ३०,००० नाहीतच, त्या घरापुढे प्रश्न स्वस्त की महाग असा नसून स्वस्त की काहीच नाही, असा असतो. अशा वेळी स्वस्त यंत्र घेणे हा मूर्खपणा नव्हे. फक्त दोनऐवजी चार वर्षे टिकेल असे निवडणे हे शहाणपण. १६,००० चे यंत्र चार वर्षे टिकले, तर वर्षाला ४,००० पडतात आणि सारा हिशेबच उलटतो.

तोलून पाहू

समजा, ‘अ’ हा नवा लहान लॅपटॉप आहे : ११.६ इंची पडदा, पक्की चार गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, वजन एक किलो, बॅटरी आठ तास. ‘ब’ हा जवळपास त्याच किमतीचा, कार्यालयात वापरलेला जुना लॅपटॉप : १४ इंची पडदा, आठ गिगाबाइट रॅम, २५६ गिगाबाइट साठवण, वजन पावणेदोन किलो, बॅटरी उतरल्यामुळे दोन तास. दोघांना दहापैकी गुण देऊ.

अ : बॅटरी ८, वजन ९, वेग ४, पडदा ४, साठवण ३.
ब : बॅटरी ३, वजन ५, वेग ७, पडदा ७, साठवण ८.

आता गरजेप्रमाणे प्रत्येक गुणाला भार द्यायचा. भारांची बेरीज दहा. पहिली विद्यार्थिनी रोज एसटीने तालुक्याला जाते, गावात वीज वारंवार जाते, काम वाचनाचे व लेखनाचे. तिचे भार याच क्रमाने ४, २, २, १, १. ‘अ’ला ३२ + १८ + ८ + ४ + ३ = ६५ गुण आणि ‘ब’ला १२ + १० + १४ + ७ + ८ = ५१. दुसरा विद्यार्थी घरीच बसून प्रोग्रॅम लिहितो व चलच्चित्रे जुळवितो. त्याचे भार १, १, ४, २, २. त्याच्यासाठी ‘अ’ला ८ + ९ + १६ + ८ + ६ = ४७ आणि ‘ब’ला ३ + ५ + २८ + १४ + १६ = ६६. यंत्रे तीच, गुण तेच. गरज बदलली आणि निकाल उलटला.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. बेरजेत एक उणीव दुसऱ्या गुणाने भरून निघते. प्रत्यक्षात नेहमी तसे होत नाही. आपल्या अभ्यासक्रमातील प्रोग्रॅमला आठ गिगाबाइट रॅम लागतच असेल, तर बॅटरीचे दहापैकी दहा गुण काय कामाचे? म्हणून आधी अत्यावश्यक अटींची चाळणी लावावी, मग उरलेल्यांना गुण द्यावेत. आणि भार दुकानात जाण्यापूर्वी लिहून काढावेत. आवडलेले यंत्र पाहिल्यावर लिहिलेले भार हटकून त्याच्याच बाजूने झुकतात.

शाळेने घेताना

शाळा एकदम वीस यंत्रे घेते, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्न वीसपट होतो. साठवण पाटीवर पक्की असेल आणि ती निकामी झाली, तर मुख्य पाटीच बदलावी लागते व तो खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून सर्व रक्कम यंत्रांवर न घालविता काही भाग सुट्या बॅटऱ्या, चार्जर आणि दुरुस्तीसाठी राखावा. सर्व यंत्रे एकाच नमुन्याची घेतल्यास एकाचा भाग दुसऱ्याला चालतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी. पेरू देशातील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत एक्सओ यंत्रांच्या परिणामाचा अभ्यास झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत विचारशक्तीच्या काही चाचण्यांत मुलांची थोडी प्रगती दिसली, पण गणित आणि भाषेच्या परीक्षांतील गुणांत फरक आढळला नाही. यंत्र शाळेत आले म्हणजे शिकणे आपोआप वाढत नाही. त्यावर कोणता पाठ, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, आठवड्यातून किती तास, हे खरेदीच्या अर्जाबरोबरच ठरलेले असावे.

स्वाध्याय

१. एका पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असून माप १४ इंच आहे. इंचाला किती ठिपके पडतात? हेच ठिपके ११.६ इंची पडद्यावर असतील, तर अक्षरे मोठी दिसतील की लहान?

२. शाळेतील किंवा घरच्या संगणकावर मराठी मजकूर उघडून सहज वाचता येईल इतका मोठा करा. पडद्यावर किती ओळी मावतात ते मोजा. तेवढ्याच सहज वाचता येणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या ओळी मोजा. फरक का पडला ते अक्षरांच्या आकृत्या काढून दाखवा.

३. एखाद्या बॅटरीवरील व्होल्ट व ॲम्पिअर-तास वाचून वॉट-तास काढा. ती किती वेळ पुरते ते घड्याळ लावून पाहा आणि यंत्राची सरासरी शक्ती काढा.

४. आपल्या गरजांचे भार लिहून वरील ‘अ’ आणि ‘ब’ यांची तुलना करा. कोणता एक भार किती बदलला असता निकाल उलटेल, ते शोधा.

५. या लेखातील प्रत्येक काटकसर ‘नंतर भरून काढता येणारी’ व ‘न येणारी’ अशा दोन रकान्यांत मांडा आणि तो कागद खरेदीच्या वेळी बरोबर न्या.